भाकरवडी परदेशी पाठवायची म्हणताय? आधी एवढं करा

ताई, बडोद्याच्या दांडिया बाजारात खपतं ते अमेरिकेतल्या एडिसनलाही खपेल असं धरून चालू नका. पण तुमचे दीर तिथे राहतात, ही मोठी जमेची बाजू. तिकडे स्थायिक झालेल्याला दोन्हीकडच्या सवयी ठाऊक असतात. कशाची उणीव आहे हे त्याला लवकर दिसतं. त्याची नजर मात्र बरेचदा आपल्याच लोकांच्या दुकानांपाशी थांबते. तिथल्या मूळ व्यापाऱ्याला वितरक आणि नियम जास्त ठाऊक. दोघांशीही बोला.

- दिरांना तिथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय किराणा दुकानात पाठवा. भाकरवडीच्या पाकिटाचे फोटो मागवा, पुढून आणि मागून. वजन, किंमत, मुदत तर कळेलच, पण मागे बारीक अक्षरात आयातदाराचं किंवा वितरकाचं नावही बहुधा असतं. पहिला फोन त्यालाच.
- आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, काढा. डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर 500 रुपयांत होतं.
- तीळ घालता ना? अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून पाकिटावर लागतो.

नवखे हमखास फसतात ते कौतुकाला. बॅगेतून नेलेला डबा संपतोच हो, ती मागणी नव्हे. पैसे मोजून दुसऱ्यांदा कोण घेतं, ते बघा. आणि पहिल्याच फटक्यात कंटेनर भरायला जाऊ नका, थोडे नमुने पाठवा.

एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याची नोंदणी, विमा, भाडं हे आयातदार तयार झाला की बघू. तुमच्या हाताला चव आहे, जरूर करा. फोटो आले की कळवा, किमतीचं गणित सोबत बसून मांडू.