वाचक विचारतात: ट्रॅप शिकू की स्कीट?

मागच्या अंकात क्ले शूटिंगबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे हवेत उडवलेली थाळी शॉटगनने, म्हणजे एका दमात मूठभर छर्रे सोडणाऱ्या बंदुकीने, फोडायचा खेळ. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न होता, की एवढे प्रकार आहेत तर नवीन माणसाने सुरुवात कशापासून करायची. त्यातली तीन पत्रं घेतेय.

पहिलं पत्र: मी रेडिंगला (इंग्लंड) असतो, आयटीत आहे, वय ३८. ऑफिसच्या ग्रुपबरोबर एकदा क्ले शूटिंगला गेलो, २५ पैकी ९ फुटल्या, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. तिथला एकजण म्हणतो स्पोर्टिंग कर, दुसरा म्हणतो डीटीएल (डाउन द लाइन), मला स्वतःला ऑलिंपिकवालं ट्रॅप आवडतं. काय निवडू? आणि बंदूक आधीच घेऊन टाकू का?

पहिल्याच दिवशी ९ म्हणजे छान की हो! आणि डोक्यातून जात नाहीये म्हणताय ते अगदी कळतं, ११० मिलिमीटरची ती काळी नाहीतर केशरी थाळी फुटून तिचा धूर होतो तेव्हा जे वाटतं ते पुन्हा पुन्हा हवंसं वाटतं. (नाव क्ले असलं तरी ती मातीची नसते, चुनखडीची पूड आणि पिच म्हणजे डांबरासारखा पदार्थ यांची असते.)

आता प्रकार. नावं खूप आहेत पण मनात तीन घरं करा. ट्रॅपमध्ये क्ले समोरून सुटते आणि तुमच्यापासून लांब पळते. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन घरं, डावीकडचं उंच, उजवीकडचं बुटकं, त्यातून क्ले तुमच्यासमोरून आडवी जाते आणि तुम्ही अर्धगोलावर एकेक जागा बदलत जाता. आणि स्पोर्टिंग म्हणजे सगळ्याची भेळ, एका स्टँडवर क्ले अंगावर येते, दुसऱ्यावर जमिनीवरून सशासारखी घरंगळत जाते, तिसऱ्यावर झाडामागून निघते, आणि बहुतेक वेळा जोडीने.

तुम्हाला आवडलेलं ऑलिंपिक ट्रॅप फार सुंदर आहे पण सुरुवातीला निर्दयी आहे. खंदकात क्ले उडवणारी १५ मशीन, पाच जागा, प्रत्येक जागेसमोर तीन मशीन आणि त्यातलं कुठलं सुटणार ते माहीत नाही, तुम्ही १५ मीटर मागे उभे, क्ले डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत कशीही जाते आणि मोकळी सोडली तर ७६ मीटरवर जाऊन पडते. दोन गोळ्या मारायची मुभा असते, तरी नवीन माणसाची पहिली गोळी सुटेपर्यंत क्ले पार निघून गेलेली असते. शिवाय असा खंदक असलेली ग्राऊंड मोजकीच, दर शनिवारी दीड तास गाडी हाकायची आणि २५ पैकी ४ फोडून परत यायचं हे तीन महिने कोण करणार?

डीटीएल त्याच घरातलं पण बरंच मऊ. एकच मशीन, तुम्ही १६ यार्ड मागे, उंची ठरलेली, कोन कमी. पहिल्या गोळीत फुटली तर ३ गुण, दुसऱ्या गोळीत २, म्हणजे २५ क्लेचे जास्तीत जास्त ७५. लवकर फुटायला लागतात म्हणून हुरूप येतो, ते चांगलंच आहे. पण सगळ्या क्ले लांबच जात असल्यामुळे आडव्या क्लेच्या किती पुढे मारायचं हे डीटीएलमध्ये फारसं शिकायला मिळत नाही, आणि शॉटगनमधली खरी अक्कल तिथेच आहे.

म्हणून माझं मत सरळ सांगते, सहा महिने इंग्लिश स्कीट करा. इंग्लिश म्हणतेय, ऑलिंपिक नाही. सात जागा, २५ क्ले, बंदूक आधीच खांद्याला लावून उभं राहिलं तरी चालतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे क्ले दर वेळी त्याच रस्त्याने जाते. त्यामुळे चुकली तर चूक आपली, आणि ती पुढच्या वेळी त्याच जागेवर उभं राहून दुरुस्त करता येते. चार नंबरच्या जागेवर उभे राहिलात की क्ले साधारण २० मीटरवरून आडवी जाते, छर्रे तिथे पोचायला सेकंदाच्या विसाव्या भागाइतका वेळ लागतो आणि तेवढ्यात ती मीटरभर पुढे सरकलेली असते, म्हणजे थेट तिच्यावर मारलं तर छर्रे तिच्या मागून जाणार. हे वाचून कळतं पण हाताला कळायला शंभरदा तीच क्ले लागते. स्पोर्टिंगमध्ये चुकता, दुसऱ्या स्टँडवर जाता, तिथे वेगळीच क्ले, मग घरी येताना काय चुकलं ते सांगता येत नाही. मी स्वतः पहिली दोन वर्षं फक्त स्पोर्टिंग केलं, मजा भरपूर आली, स्कोअर मात्र हलला नाही, स्कीटला गेले आणि आठ-दहा आठवड्यांत फरक पडला.

आणि एक, नळीकडे बघू नका. लहानपणी विटीदांडू खेळला असाल तर आठवा, विटी उडाल्यावर दांडूकडे कोणी बघत नाही, डोळा विटीवर आणि हात आपोआप जातो. इथेही तेच, नजर क्लेवर, नळी नुसती डोळ्याच्या कडेला दिसली पाहिजे. क्लेच्या पुढे जाऊन ट्रिगर दाबल्यावर बंदूक थांबवायची नाही, फिरती ठेवायची. नवीन माणसाच्या दहातल्या बऱ्याच चुका ‘थांबला’ या एका शब्दात येतात.

बंदूक आत्ता घेऊ नका, प्लीज. पोलिसांनी त्यासाठी मान्यता दिलेल्या ग्राऊंडवर शॉटगन सर्टिफिकेट (बंदूक बाळगायचा परवाना) नसलं तरी तिथल्या बंदुकीने शिकता येतं, तेवढं सहा महिने पुरतं. मी घाई केली होती, दुकानदार म्हणाला ही सगळ्याला चालते म्हणून घेतली आणि ती निघाली पक्की ट्रॅपची, स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) उंच, म्हणजे मुद्दामच थोडी वर मारणारी, कारण ट्रॅपची क्ले वर चढत असते. स्कीटला सगळे छर्रे क्लेच्या डोक्यावरून. वर्षभराने तोटा सोसून विकली. मधल्या काळात शॉटगन सर्टिफिकेटचा अर्ज करून ठेवा, तो तुमच्या भागातल्या पोलिसांकडे जातो, डॉक्टरांकडून तब्येतीची माहिती लागते, ओळखीच्यांचे रेफरन्स लागतात, घरी बंदूक ठेवायची सुरक्षित सोय दाखवावी लागते, बहुतेक जण भिंतीला बोल्ट केलेलं स्टीलचं कपाट करतात, त्यामुळे भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाशी आधीच बोला. मग घ्यायची वेळ आली की १२ बोअरची (हे नळीचं माप), एकावर एक नळ्या असलेली, चोक (छर्रे किती पसरतील ते ठरवणारं नळीचं तोंड) बदलता येणारी स्पोर्टर घ्या, ती तिन्ही प्रकारांत चालते. पण पैसे देण्यापूर्वी कोचला दाखवा, स्टॉकची लांबी आणि उंची तुमच्या अंगाला बसते का ते.

दुसरं पत्र: मुलगी १५ वर्षांची, नाशिकला दोन वर्षं एअर रायफल करतेय. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कीटची आपली जोडी बघितली आणि आता एकच धोशा, शॉटगनच करायची. पाठवावं का? आणि ट्रॅप की स्कीट?

ताई, तो सामना मीही श्वास रोखून बघितला. अनंतजीतसिंग नरुका आणि महेश्वरी चौहान ब्राँझसाठी चीनविरुद्ध ४३-४४ ने हरले, एका क्लेने. ते बघून मुलीला तसं वाटलं तर नवल नाही, तिला नाही म्हणू नका.

पण काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की आपल्यासमोर अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे येतात, आणि हे सगळे रायफल किंवा पिस्तूलवाले. शॉटगनची परंपरा आपल्याकडे उत्तरेत जास्त, बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग ट्रॅपचे नेमबाज होते, १९६० पासून पाच ऑलिंपिक खेळले, दिल्लीच्या रेंजला नाव त्यांचंच आहे. पण फक्त राजघराण्यांचा खेळ आहे असं समजू नका, भोपाळच्या मनीषा कीर मासेमारी करणाऱ्या घरातून आल्या आणि तिथल्या राज्य अकादमीत ट्रॅप शिकल्या.

खर्चाचा फरक मोठा. एअर रायफलला दहा मीटरची खोली पुरते, छर्रा न घालता घरीसुद्धा सराव होतो. शॉटगनमध्ये प्रत्येक गोळीला एक काडतूस आणि एक क्ले जाते, स्पर्धेची पात्रता फेरीच १२५ क्लेची, सराव त्याच्या कितीतरी पट. लहान वयात स्वतःच्या नावावर बंदूक होत नाही, क्लबच्या नाहीतर अकादमीच्या बंदुकीने देखरेखीखाली शिकायचं, त्यामुळे जिल्हा आणि राज्य रायफल असोसिएशनला विचारल्याशिवाय एक रुपयासुद्धा कुठे भरू नका.

ट्रॅप की स्कीट याला मी इंग्लंडच्या वाचकाला दिलेलं उत्तर तुम्हाला देणार नाही, कारण भारतात स्पर्धेसाठी शिकायचं म्हणजे ऑलिंपिकच्या नियमांनी, आणि ते स्कीट वेगळंच जनावर आहे. क्ले दिसेपर्यंत बंदूक कमरेशी, जॅकेटवर पट्टी असते तिथेच दस्ता ठेवायचा, ‘पुल’ म्हटल्यावर क्ले लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही, आणि एका क्लेला एकच गोळी. ट्रॅपमध्ये निदान बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. म्हणून दोन्हीचे कोच सारखेच जवळ असतील तर मी ट्रॅप म्हणेन, आणि स्कीटचा चांगला कोच सहा तासांवर आणि ट्रॅपचा सोळा तासांवर असेल तर स्कीट. या वयात शिकवणारा माणूस बघून ठरवा.

ऑलिंपिकमध्ये काय आहे ते बघून तर अजिबात ठरवू नका. राज्यवर्धनसिंग राठोड यांनी २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपमध्ये रौप्य घेतलं तेव्हा देशभर किती पोरांनी तेच धरलं असेल, आणि २०१६ च्या रिओनंतर डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून गेलंच. श्रेयसी सिंग यांनी २०१८ च्या राष्ट्रकुलात डबल ट्रॅपचं सुवर्ण जिंकलं आणि पॅरिसला त्या ट्रॅप खेळल्या. पाया पक्का असला की प्रकार बदलता येतो.

मुलीला एवढं सांगा, रायफलची एक सवय तिला सोडावी लागेल. तिथे श्वास धरून, स्थिर होऊन, हळूच ट्रिगर दाबतात, इथे स्थिर झालात की क्ले गेली. रायफलवाली मुलं सुरुवातीला नेम धरत बसतात आणि खूप रडकुंडीला येतात, तेव्हा तुम्ही स्कोअर विचारू नका. आणि एअर रायफल लगेच बंद करू नका, सुट्टीत आठ-दहा दिवसांचा कॅम्प मिळाला तर पाठवा, ती काय म्हणते ते ऐका, मग पुढचं.

तिसरं पत्र: न्यू जर्सीत नवऱ्याबरोबर ट्रॅपला जाते, त्याच्या फुटतात, माझ्या जवळजवळ नाहीच. खांदा काळानिळा होतो. मी स्कीटला जाऊ का?

थांबा, प्रकार बदलून हे सुटणार नाही. तुमच्याकडचं अमेरिकन ट्रॅप, एक मशीन, १६ यार्ड, एक गोळी, हे शिकायला चांगलं आहे. मला दोन शंका येतात.

पहिली, डोळा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो तुमचा जोरकस डोळा. तुम्ही उजव्या हाताच्या आणि डोळा डावा निघाला तर तुम्हाला नळी बरोबर दिसतेय असं वाटत राहणार आणि छर्रे बाजूने जात राहणार. अजून नवीन आहात तर डाव्या खांद्यावरून शिकणं सगळ्यात उत्तम, दोन आठवडे अवघडल्यासारखं होईल. ते जमतच नसेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर बाहुलीसमोर येईल असा टेपचा छोटा तुकडा लावा.

दुसरी, बंदूक नवऱ्याची आहे ना? त्याच्या हाताला बसणारा स्टॉक तुम्हाला लांब होत असणार, मग तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर येतो, गाल वर उचलला जातो, आणि तिथेच काळंनिळं होतं. सात-अष्टमांश (७/८) औंसची हलकी काडतुसं मागा, आणि क्लबमध्ये कोणाची गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक) मिळाली तर ती वापरून बघा, धक्का बराच कमी लागतो. २० गेजची (१२ बोअरपेक्षा अरुंद नळीची) घे म्हणून कोणीतरी सांगेलच, पण ती हलकी असते आणि हलक्या बंदुकीचा धक्का उलट टोचतो, म्हणून विकत घेण्याआधी २५-२५ क्लेचे दोन राउंड मारून बघा. खांदा बरा होईपर्यंत मात्र एकही गोळी नको, दुखण्याच्या भीतीने ट्रिगर दाबण्याआधी डोळे मिटायची सवय लागली तर ती घालवायला वर्ष जातं.