दोघांच्या निवांत जेवणासाठी जवळपासचं रेस्टॉरंट कसं निवडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरापासून चालत जाता येईल अशी चार-पाच रेस्टॉरंट आहेत, जोडीदाराला एका संध्याकाळी जेवायला न्यायचंय. मेणबत्त्या-व्हायोलिनचा थाट नको, पण ‘कंटाळा आलाय, बाहेरच खाऊ’ असंही वाटायला नको. मग कुठलं निवडावं, नेहमीची जागा बरी की नवी, आणि फुलं आधी पाठवून ठेवावीत का?

मी बरीच वर्षं रेस्टॉरंटमध्ये फ्लोअर सांभाळला आहे. कोणाला कुठल्या टेबलावर बसवायचं हे ठरवणं माझं काम होतं, त्यामुळे माझं उत्तर जरा एकांगी वाटेल. माझ्या मते रेस्टॉरंट दुय्यम आहे, आधी टेबल आणि वेळ ठरवा. एकाच संध्याकाळी कोपऱ्यातलं जोडपं गोड खाऊन झाल्यावरही गप्पा मारत बसलेलं असायचं आणि किचनच्या दाराशी बसवलेलं जोडपं शेवटचा घास गिळता गिळता बिल मागायचं. दोघांच्या ताटात एकाच किचनमधलं जेवण होतं.

सगळ्यात आधी आवाज बघा. जेवण बेताचं असलं तर चालून जातं, गोंगाट चालत नाही. साधं बोलणं मीटरभर अंतरावर साधारण ६० डेसिबल भरतं. आजूबाजूचा आवाज ७०च्या वर गेला की आपण आवाज चढवतो, आपला ऐकून शेजारचे चढवतात, आणि हे सगळ्या टेबलांवर एकाच वेळी चालू असतं. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच दाखवून दिलं होतं. अर्ध्या भरलेल्या हॉलमध्ये छान वाटणारी जागा पूर्ण भरल्यावर बाजार होते ती यामुळेच. त्यात डेसिबलचा हिशेब फसवा असतो, आकडा १०ने वाढला की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. तुम्हाला जे बोलायचंय ते बहुधा हळू आवाजातलं असणार. ‘तू नसलीस की घर खायला उठतं’ हे वाक्य दोनदा ‘काय?’ ऐकल्यावर तिसऱ्यांदा ओरडून सांगून बघा, त्यातलं काय उरतं ते कळेल.

आवाजाचा अंदाज रिकाम्या रेस्टॉरंटमध्येही येतो. उघडं काँक्रीट, काचेची भिंत, टाइल्स, धातूच्या खुर्च्या, उंच छत, हे सगळं फोटोत देखणं दिसतं आणि कानाला छळतं. काच आणि टाइल्स त्यांच्यावर आदळलेला आवाज जवळपास सगळाच परत फेकतात. जाड पडदे, गादीच्या खुर्च्या, गालिचा, पुस्तकांनी भरलेली फळी असली की आवाज मुरतो. मी नव्या जागेत शिरले की सहज म्हणून एक टाळी वाजवते. टाळी जागच्या जागी विरली तर उत्तम, भिंतीभिंतींतून झणझणत राहिली तर तिथे गर्दीच्या वेळी बोलणं अवघड. वेटर बघतात, बघू देत.

तेवढंही करायचं नसेल तर एक आळशी युक्ती आहे. ज्या वारी, ज्या वेळी जायचंय त्याच वारी त्याच वेळी, आठवडाभर आधी, टेबल राखून ठेवायला फोन करा आणि पलीकडच्या माणसाच्या मागे काय ऐकू येतंय त्याकडे कान द्या. तो स्वतः ‘हॅलो, जरा मोठ्याने बोला’ म्हणाला तर दुसऱ्या रेस्टॉरंटला फोन लावा. जोडीदाराला ऐकायला थोडं जरी कमी येत असेल तर हे नक्की करा. अशा माणसाला शांत खोलीत काहीच अडत नाही, पण गोंगाटातून समोरच्याचे शब्द वेगळे काढताना दमछाक होते. मग तो मान डोलावून वेळ मारून नेतो आणि आपल्याला वाटतं, आज मूड नाही.

आता टेबल. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. बंद हॉलमध्ये इतका नेमका हिशेब जमत नाही, पण जवळ बसल्याचा फायदा होतोच. म्हणून दोघांसाठी चौघांचं ऐसपैस टेबल मिळालं की खूश होऊ नका. साठ-सत्तर सेंटीमीटरचं दोघांचं टेबल घ्या. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने माणसामाणसांतल्या अंतरांचे टप्पे सांगितले आहेत, त्यात साधारण ४५ सेंटीमीटरपर्यंत अगदी जिव्हाळ्याचं अंतर आणि तिथून १.२ मीटरपर्यंत मित्रमंडळी-घरच्यांमधलं. लहान टेबलावर दोघंही जरासे पुढे झुकले की पहिल्या टप्प्यात येतात, मागे टेकले की दुसऱ्यात. ही ये-जा जेवणभर आपोआप चालते. मोठ्या टेबलावर ती होतच नाही.

चौकोनी टेबल असेल तर समोरासमोर बसण्याऐवजी काटकोनात, एकाच कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसा. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली टेबलाभोवती माणसं कशी बसतात आणि किती बोलतात याचा अभ्यास केला, तेव्हा कोपऱ्याशी बसलेल्यांमध्ये जास्त गप्पा होताना दिसल्या. समोरासमोर बसलं की सतत नजर भिडते आणि बोलणं थांबलं की ते अंगावर येतं. काटकोनात बसलं की बघायचं तेव्हा बघता येतं, नाहीतर दोघंही हॉलकडे बघत बसू शकता. पहिल्या-दुसऱ्या भेटीत याचा फार उपयोग होतो. लग्नाला वीस वर्षं झालेल्यांनाही होतो, पण ते कबूल करत नाहीत.

कुठलं टेबल नको हे मी डोळे मिटून सांगू शकते. मुख्य दाराशेजारचं (प्रत्येक येणाऱ्याबरोबर वारा आणि नजर), किचनच्या झुलत्या दारासमोरचं, स्वच्छतागृहाच्या वाटेवरचं, स्पीकरखालचं, एसीचा झोत थेट येतो ते, आणि दहा जणांच्या लांब टेबलाला लागून असलेलं. ते लांब टेबल तुम्ही पोचाल तेव्हा रिकामं असेल. त्यावर ‘राखीव’ची पाटी दिसली तर समजून घ्या, थोड्या वेळात तिथे कोणाचा तरी वाढदिवस येऊन बसणार आहे. टीव्ही लावलेला असेल तर ज्याचं लक्ष चटकन उडतं त्याने टीव्हीकडे पाठ करून बसावं. हे आपलं आपल्याला ठाऊक असतं, उगाच वाद घालू नये.

फोनवर ‘चांगलं टेबल द्या’ म्हणून काही होत नाही, चांगलं म्हणजे काय हे ज्याचं त्याचं असतं. ‘दोघांचं, भिंतीकडचं, स्पीकर आणि किचनपासून लांब’ असं सांगा. फोन घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एक-दोन टेबलं येतात. दुसरा प्रश्न विचारा, ‘टेबल किती वेळ मिळेल?’ काही ठिकाणी गर्दीच्या दिवशी एकाच टेबलावर दोन-तीन पाळ्या बसवतात. तुमच्या मागे कोणी असेल तर ताट पूर्ण संपायच्या आत उचललं जातं आणि बिल न मागता येतं. त्यात वेटरचा दोष नसतो, त्याला तसं सांगितलेलं असतं. पण तुमच्या संध्याकाळचा विचका होतो तो होतोच.

म्हणून वेळ. शनिवारची भर गर्दीची वेळ सोडून द्या, मधला एखादा वार घ्या. गर्दी सुरू व्हायच्या तासभर आधी पोचलात तर टेबल निवडायला मिळतं, किचन मोकळं असतं आणि वेटरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. उशिरा जायचं असेल तर शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते विचारा आणि त्याच्या निदान दीड तास आधी बसा. शेजारच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवायला लागले की कितीही प्रेम असो, माणूस उठतो. १४ फेब्रुवारी अजिबात नको. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ठरावीक मेनू असतो, दोघांची टेबलं ओळीने दाटीवाटीने लावतात आणि सगळा हॉल एकाच परीक्षेला बसल्यासारखा दिसतो.

संगीत हळू आवाजात आहे की नाही हे सगळे बघतात, लय कोणी बघत नाही. मार्केटिंगचे अभ्यासक रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ साली एका रेस्टॉरंटमध्ये केलेल्या प्रयोगात जलद संगीत असताना लोक सरासरी ४५ मिनिटं टेबलावर होते आणि संथ संगीत असताना ५६. धंद्यातल्या लोकांना हे चांगलं कळतं. त्यामुळे भर गर्दीत ठेका धरायला लावणारी गाणी लागली असतील तर तुम्ही लवकर उठावं अशी त्यांची इच्छा आहे, असं समजायला हरकत नाही.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही. पिवळसर, शक्यतो बाजूने येणारा असावा. डोक्यावर नेमका दिवा असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि चांगली झोप झालेला माणूसही आजारी दिसतो. मेनू वाचायला मोबाइलचा टॉर्च लागत असेल तर तो अंधार झाला, त्याला रोमँटिक म्हणू नये.

जेवणाबद्दल आश्चर्य वाटेल, पण मी फक्त तीन गोष्टी बघते. जोडीदाराला काय चालत नाही, कशाची ॲलर्जी आहे, ते तिथे सहज सांभाळलं जाईल का. मेनू आटोपशीर आहे का, कारण पंधरा पानांच्या मेनूत पहिली वीस मिनिटं दोघांची डोकी पुठ्ठ्यामागे जातात. आणि बुफे नसावा. बुफेत एक जण उठला की दुसरा बसलेला, दुसरा उठला की पहिला परत आलेला. पोटभर जेवण होतं, बोलणं होत नाही.

ऑनलाइन परीक्षणं वाचताना तारे मोजू नका, ते बहुतेक चवीबद्दल असतात. परीक्षणांत ‘आवाज’, ‘घाई’, ‘वाट पाहिली’ हे शब्द शोधा. मालकाने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी रात्री काढलेले फोटो बघा आणि ताटामागे काय दिसतंय ते न्याहाळा: दोन टेबलांत किती अंतर आहे, मागची माणसं एकमेकांकडे झुकून ऐकतायत की टेकून बसलीयत.

नेहमीची जागा की नवी? नातं नवं असेल तर ओळखीची जागा घ्या, निदान एका गोष्टीचा तरी घोर नाही. मात्र तिथला वेटर ‘आज दुसऱ्याच कोणाबरोबर?’ अशा चेहऱ्याने बघणारा नसावा. नातं जुनं असेल तर थोडं नवं हवं. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जोडप्यांचे हातपाय एकमेकांना बांधून त्यांना गाद्यांवरून रांगत एक उशी पलीकडे न्यायला लावली होती. सात मिनिटांच्या या उद्योगानंतर, कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा यांना आपलं नातं जास्त बरं वाटत होतं. तुम्हाला रांगायला कोणी सांगणार नाही. नेहमीच्याच ठिकाणी दोघांनीही कधी न खाल्लेला एक पदार्थ मागवून अर्धा-अर्धा केलात तरी पुरे. तो फसला तर बोलायला आणखी एक विषय.

घराजवळच जाताय हे उत्तम केलंत. पार्किंग शोधत चिडचिड होत नाही आणि परत येताना रमतगमत चालणं मिळतं. मात्र अगदी घराखालचं रेस्टॉरंट नको, तिथे शेजारचे काका टेबलापाशी येऊन उभे राहतात. एक-दोन गल्ल्या पलीकडचं बघा.

टेबल मनासारखं नसेल तर ऑर्डर द्यायच्या आधी, पाण्याचे ग्लास भरले असले तरी बिनधास्त बदलून मागा. ऑर्डर किचनमध्ये टेबलाच्या नंबरावर जाते, त्यामुळे नंतर बदललंत की ताटं भलतीकडे फिरतात आणि सगळ्यांचीच पंचाईत होते. बिल कोण देणार हे घरूनच ठरवून निघा.

फुलं आधी पाठवू नका. लहान टेबलावर फुलदाणी दोघांच्या बरोबर मध्ये येते आणि स्टाफला वाटतं की काहीतरी खास आहे, मग कोणीतरी केक घेऊन टाळ्या वाजवत येण्याचा धोका असतो. द्यायचीच असतील तर निघण्याआधी घरी द्या आणि पाण्यात ठेवून या.