मित्सुबिशी लान्सर इव्हो टेन या टर्बो गाडीची ताकद इंजिनाला धोका न देता कशी वाढवायची? गाडी लातूरला असते.

बूस्टला, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबाला, हात सगळ्यात शेवटी लावा. आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतात का ते बघायला), नवे प्लग, मग मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) आणि त्यानंतर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, ट्यूनिंग. संभाजीनगरला टर्बो गाड्यांचंच काम करतो, म्हणून सांगतो: हवा तापली की ठिणगीची ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग, आणि पिस्टन फुटतो तो यानेच. जानेवारीत बसवलेला मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंधन, ठिणगी आणि बूस्टची सेटिंग) मे महिन्यातल्या ४२ अंशांत भरवशाचा नाही, उन्हाळ्यात पुन्हा लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले आकडे, तपासा. पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची क्षमता, प्रत्येक पंपावर सारखंच असेल असं नाही (हायवे सोडला की बघाच), त्यामुळे कमी ऑक्टेनसाठी कमी बूस्टचा वेगळा मॅप हवाच. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम) असे बदल रस्त्यावर अडचणीचे ठरतात. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.