ड्रॉप टँक, टाकी आणि तो रणगाडा

प्रश्न असा आलाय: "दुसऱ्या महायुद्धातल्या प्रोपेलरच्या लढाऊ विमानांवर मराठीत लिहितोय. ड्रॉप टँकला 'त्याज्य इंधनधानी' म्हटलं तर चालेल का? टाकी हा शब्द इंग्रजी टँकवरून आलेला, म्हणून टाळायचाय. आणि पंखाखाली लटकवलेले बाँब, रॉकेटं, टाक्या ह्या सगळ्यांना मिळून एक्स्टर्नल स्टोअर्स म्हणतात, त्याला काय म्हणू?"

नाही चालणार. ड्रॉप टँक म्हणजे विमानाबाहेर लटकवलेली, गरज संपली की हवेतच सोडून द्यायची जादा इंधनाची टाकी. त्याज्य म्हणजे वर्ज्य, ज्याला हात लावू नये असं. ड्रॉप टँक त्याज्य कुठून झाली, ती होती म्हणून तर इंग्लंडमधून उडालेली अमेरिकन मस्टँग लढाऊ विमानं बर्लिनपर्यंत जाऊन परत येत होती. टाकी म्हणा. सोडटाकी म्हणा, पडती टाकी म्हणा, नाहीतर सरळ ड्रॉप टँक म्हणा, वाचणाऱ्याला कळतं. फक्त रणगाडा म्हणू नका. मराठीत डब केलेल्या माहितीपटांत मी हे एकदा नाही, तीनदा ऐकलंय, "शत्रूची विमाने दिसताच वैमानिकांनी पंखाखालचे रणगाडे सोडून दिले". अरे, पाच टनांच्या विमानाच्या पंखाखाली तीस टनांचा रणगाडा कसा लटकेल एवढा तरी विचार करायचा! टँक दिसला की रणगाडा लिहायचं ही सवयच लागलीय लोकांना.

पण रणगाड्यापेक्षा मला जास्त लागलं ते तुमचं दुसरं वाक्य. टाकी इंग्रजीवरून आलेली? गाडी उलटी चाललीय ही. इंग्रजांना तो शब्द भेटला सतराव्या शतकात, पश्चिम किनाऱ्यावर, सुरतेच्या बाजूला, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता पाण्याचा तलाव, हौद, कुंड. इंग्रजीच्या मोठ्या कोशांतसुद्धा टँकच्या मुळाशी गुजराती टांकूं आणि मराठी टांकें दोन्ही दिलेले आहेत, बरोबर पोर्तुगीज तांकेही आहे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात टांकें आहेच. मुंबईकरांना तर कोश उघडायचीही गरज नाही, गोवालिया टँक, सी.पी. टँक, बाणगंगा टँक ही नावं रोज तोंडात असतात, त्यातला टँक म्हणजे तलाव, जुना अर्थ जसाच्या तसा.

आता पोर्तुगीजवाले म्हणतात की तांके हा त्यांच्या एस्तांकार ह्या क्रियापदातून, म्हणजे अडवणे, तुंबवणे ह्यातून आलाय, त्याच्या मागे लॅटिनमधला स्तॅग्नुम, आणि आपल्या टाक्याशी त्याचं साम्य हा निव्वळ योगायोग. हॉब्सन-जॉब्सन ह्या हिंदुस्थानातल्या इंग्रजी शब्दांच्या कोशाच्या कर्त्यांनी १८८६ मध्येच ह्या दोन बाजूंवर खल केलाय. योगायोगाची शक्यता मी फेटाळत नाही, दोन ओढे एका जागी मिळाले असतील. पण त्यावरून उडी मारून "मराठी टाकी पोर्तुगिजांनी दिली" असं जे ठोकून देतात ते मला अजिबात मान्य नाही. पोर्तुगीज यायच्या कित्येक शतकं आधीपासून सह्याद्रीत कातळात टाकी खोदलेली आहेत. ह्यावर एक जण मला दरवेळी सुनावतात की लेण्यांतल्या शिलालेखांत टाकं नाहीच, तिथे पाण्याच्या टाक्याला शब्द आहे पोढी. खरंय, कान्हेरीला, जुन्नरला पोढीच आहे. मग? शिलालेखात नाही म्हणून लोकांच्या तोंडात नव्हता हे कुठलं शास्त्र? दान देणाऱ्याने कोरून घेतलेला शब्द वेगळा आणि छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटाचा शब्द वेगळा असू शकतो.

आणि पाथरवटाचं नाव घेतलं ते मुद्दाम. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ह्यातली टाकी कुठली? छिन्नी. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायची छिन्नी, आणि टंक म्हणजे ठसा मारलेलं नाणंसुद्धा, म्हणून टांकसाळ. देवघरात खंडोबाचे, भवानीचे चांदीचे टाक असतात, पत्र्यावर ठोकून उठवलेले. शाईत बुडवून लिहायचा टाक, टोकदार. कीबोर्ड बडवतो त्याला टंकणं म्हणतो आपण. माझं ठाम मत आहे की हे सगळं एकाच घरातलं गोत आहे, टाकीने म्हणजे छिन्नीने जे खोदलं ते टाकं. विहीर मातीत खणतात, टाकं कातळात खोदतात, शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी बघा, आतल्या भिंतीवर हात फिरवला तर छिन्नीचे तिरपे ओरखडे बोटाला लागतात. जिन्नस आणि त्याचं हत्यार दोघांचं एकच नाव, इतकी सुंदर व्युत्पत्ती समोर असताना लिस्बनला जायचं कशाला? टाकणे ह्या क्रियापदाला मात्र मी ह्या गोतात घेत नाही, ध्वनी सारखा आहे म्हणून टाकायची ती टाकी असं कुणी सांगायला लागलं तर ऐकू नका.

रणगाड्याला टँक का म्हणतात तेही सांगतो, कारण सगळा घोळ तिथलाच आहे. ते नाव म्हणजे मुळात थाप होती. १९१५ च्या शेवटी ब्रिटनमध्ये ह्या चिलखती गाड्या गुपचूप तयार होत होत्या, बातमी फुटू नये म्हणून एखादं साधं नाव हवं होतं, तर इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या कारखान्यात सांगितलं गेलं की मेसोपोटेमियाला पाठवायच्या पाण्याच्या टाक्या बनतायत. १५ सप्टेंबर १९१६ ला सॉमच्या लढाईत त्या गाड्या पहिल्यांदा उतरल्या आणि थाप कायमची चिकटली. म्हणजे रणगाडा हा टँकचा खोटा अर्थ आहे, लपवायला वापरलेला, आणि पंखाखालची टाकी हा खरा.

विमानांकडे येतो. ऑगस्ट १९४२ चा पहिला पंधरवडा घ्या. गोवालिया टँकवर ८ ऑगस्टला 'भारत छोडो'चा ठराव झाला, आणि त्याच्या आदल्याच दिवशी पॅसिफिकमधल्या रबाउलच्या तळावरून जपानी झीरो लढाऊ विमानं ग्वादालकॅनाल बेटावर गेली, एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या घरात, तेवढं जाऊन लढून परत यायचं. ते जमत होतं पोटाखालच्या ३३० लिटरच्या टाकीमुळे. जपानी भाषेत तिला झोसो म्हणतात, शब्दशः वाढीव टाकी. तिकडे मुंबईत टँक म्हणजे मैदान झालेला जुना तलाव आणि इकडे टँक म्हणजे विमानाच्या पोटाखालचं पेट्रोल, एकाच आठवड्यात एकाच शब्दाची दोन टोकं, मला ह्याचं फार अप्रूप वाटतं.

अमेरिकनांना हे उशिरा कळलं. १९४३ मध्ये जर्मनीवर गेलेली त्यांची बाँबर विमानं ऑगस्टमध्ये श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग ह्या शहरांवर एका दिवसात ६० आणि ऑक्टोबरमध्ये श्वाइनफुर्टवर पुन्हा एका दिवसात ६० पडली, कारण सोबतच्या लढाऊ विमानांना पेट्रोल पुरत नव्हतं, अर्ध्यातून मागे फिरायला लागायचं. मार्च १९४४ पासून मस्टँग बर्लिनपर्यंत साथ द्यायला लागल्या, पायलटच्या पाठीमागे ८५ गॅलनची टाकी आत बसवलेली आणि पंखांखाली ७५ गॅलनच्या दोन. नंतर १०८ गॅलनच्या आल्या त्या तर कागदाच्या! खरोखर कागदाच्या, ब्रिटनमध्ये बनलेल्या, क्राफ्ट पेपरचे थर गोंदाने चिकटवून कडक केलेले. फार तास पेट्रोल राहिलं की त्या टिकायच्या नाहीत, म्हणून उड्डाणाच्या जरा आधी भरायच्या. पाडल्या तरी खाली शत्रूला भंगारात अॅल्युमिनियम मिळत नाही हा वेगळा फायदा. आणि टाकीतून पंखात जाणाऱ्या नळीला मध्ये काचेचा एक एल्बो, म्हणजे कोपरासारखा वळलेला तुकडा असायचा, टाकी सुटली की तो फटकन तुटायचा आणि नळी मोकळी. हे वाचलं तेव्हा मी अर्धा तास दुसरं काही केलं नव्हतं.

आता दुसरी चूक, जी रणगाड्याइतकीच चालते, फोटोत पंखाखाली काहीही लटकलेलं दिसलं की खाली "बाँबने सज्ज विमान" लिहायचं. निम्म्या फोटोंत त्या टाक्या असतात. बाँबच्या शेपटीला पाती असतात आणि नाकाशी फ्यूजची, म्हणजे बाँब फोडणाऱ्या यंत्रणेची, छोटी चक्री. टाकीला वर भरायचं झाकण असतं, पंखात जाणारी नळी असते, आणि मस्टँगची ७५ गॅलनची टाकी असेल तर लांबीला दोन वाट्या जुळवल्याचा जोड दिसतो. मी प्लॅस्टिकची मॉडेलं जोडतो त्यामुळे हा जोड माझ्या चांगला ओळखीचा, मॉडेलमध्ये सगळीकडे जोड घासून काढायचा आणि इथे मात्र ठेवायचा. टायफून ह्या ब्रिटिश विमानाच्या पंखाखाली रुळांवर आठ लांब दांडके दिसले तर ती रॉकेटं, प्रत्येकाच्या तोंडाशी ६० पौंडांचा गोळा. हरिकेन ह्या दुसऱ्या ब्रिटिश विमानाच्या पंखाखाली दोन लांब नळ्या पुढे आलेल्या दिसल्या तर त्या ४० मिलिमीटरच्या तोफा, रणगाडे फोडायच्या, प्रत्येकीत जेमतेम १५ गोळे. आपल्याकडे १९४७-४८ मध्ये काश्मीरात टेंपेस्ट विमानं रॉकेटं आणि बाँब घेऊन लढली, त्यांच्या फोटोखालीही हाच गोंधळ असतो. एवढं मात्र खरं की काही वेळा टाकीचाच बाँब झाला, जसं जुलै १९४४ मध्ये पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर ह्याच ड्रॉप टँकमध्ये नापाम, म्हणजे चिकटून जळणारं इंधन, भरून टाकले. तिथे बाँब लिहा.

कुर्ट टांक ह्यांचं नाव मध्ये आणणारेही भेटतात. फोके-वुल्फ १९० चे डिझायनर, त्याच विमानाखाली ३०० लिटरची टाकी लटकायची, आणि नंतर बंगळुरूला येऊन ज्यांनी आपलं मारुत हे लढाऊ जेट बनवलं, १७ जून १९६१ ला उडालं ते. त्यांच्यावरून टँक हा शब्द पडला असं एका लेखात वाचलं आणि हात कपाळावर गेला. ते त्यांचं आडनाव आहे, त्यांचा जन्म १८९८ चा, आणि टँक हा शब्द इंग्रजीत त्याच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीपासून आहे.

राहिलं तुमचं स्टोअर्स. त्याला 'बाह्य भांडार' करू नका, भांडार म्हटलं की खोली डोळ्यासमोर येते. हा जहाजावरचा शब्द आहे, स्टोअर्स म्हणजे सोबत घेतलेला शिधा, दारूगोळा, दोरखंड असं सगळं. आपल्याकडे त्याला सामान म्हणतात, बाहेरचं सामान लिहा. आणि ते ज्याला अडकवतात तो आकडा. पायलन म्हणजे आकडा नव्हे, पायलन म्हणजे आकडा ज्याच्या आत असतो तो पंखाखालचा खुंट.