नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही

धायरीच्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांच्या चौतीस वर्षांच्या अविवाहित भावाची कार नवले पुलाच्या उतारावर कंटेनरला मागून धडकली. शनिवारी रात्री खासगी रुग्णालयात दाखल केलं. ‘बरगड्या मोडल्यात, लक्ष ठेवू’ असं सांगण्यात आलं आणि सोमवारी पहाटे तो गेला. शवविच्छेदनात छातीतली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटल्याचं निघालं. डॉक्टरांवर केस होईल का, असं त्या विचारतात. तपशील बदलून हेच पत्र मला दर महिन्याला कुणीतरी लिहितं.

ताई, चार पानांच्या पत्रात माझ्या कामाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत: ‘वकिलांनी नोटीस दिली आहे, मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार केली आहे, उत्तराची वाट पाहतोय.’ ही वाट पाहण्यात वीस महिने गेले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. नोटिशीने हे घड्याळ थांबत नाही, कौन्सिलच्या तक्रारीनेही नाही, ‘साहेबांशी बोलून सांगतो’ म्हणणाऱ्या रुग्णालयाच्या मॅनेजरने तर नाहीच. भाऊ गेला त्या सोमवारपासून मोजलं तर तुमच्या हातात एकोणचाळीस दिवस आहेत. शवविच्छेदन अहवाल हाती आला त्या दिवसापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल, पण त्या भरवशावर राहू नका. उशीर माफ करून घ्यायला पुरेसं कारण लागतं, आणि ‘उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण मी तरी ग्राहक आयोगापुढे मांडायला जाणार नाही.

तक्रार आईंच्या नावाने करा. वारस त्या आहेत, तुम्ही नाही. बिल २ लाख ८० हजारांचं आहे, म्हणजे जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही.

आता कागदांकडे येऊ. जोराच्या धडकेत छाती थांबते, पण आत हृदय आणि धमनीची कमान पुढे रेटली जाते. डाव्या हाताकडे जाणारी शाखा जिथून निघते त्याच्या जरा खाली धमनी जखडलेली असते, आणि बहुतेक वेळा ती तिथेच फाटते. तुमच्या अहवालात हीच जागा आहे. असे बहुतेक रुग्ण रस्त्यावरच जातात. काहींच्या धमनीचा बाहेरचा पदर काही तास, कधी काही दिवस रक्त धरून ठेवतो. तुमचा भाऊ त्यातला होता. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवर शनिवारी रात्री ११.४०च्या एक्स-रेखाली लिहिलंय की मेडियास्टिनम, म्हणजे दोन फुफ्फुसांमधला भाग, रुंद दिसतो, सीटी करावा. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, झाली रविवारी दुपारी चारला. फाट दिसली आणि ‘उद्या स्टेंट’ असं ठरलं. मधल्या सोळा तासांच्या नर्सिंग चार्टवर वरचा रक्तदाब १६८, १७२, १६५ असा आहे. फाटीचा संशय असेल तर औषधाने नाडी मंदावून हा आकडा १२०च्या खाली ठेवायचा असतो. औषधाच्या रकान्यात मला फक्त वेदनाशामक दिसतंय.

यावर समोरून उत्तर येईलच. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव असेल तर आधी तो थांबवायचा, धमनीचं नंतर बघायचं, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. दाब आधीच खाली असेल तर ती औषधंही देता येत नाहीत. फाट फक्त आतल्या अस्तराची असेल तर नुसत्या औषधांवर ठेवून पुन्हा सीटी काढतात. त्यामुळे उशीर म्हणजे आपोआप हलगर्जीपणा नव्हे. सामान्य कुवतीच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत काय केलं असतं, ही सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू (२००५) निकालातली कसोटी तुम्हालाही लागणार. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. तरी इथे छातीच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं लेखी मत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका.

अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीने ‘मृत्यू उपचारांमुळे झाला’ असं म्हटलंय, त्याने बिचकू नका. धमनी अपघाताने फाटली, वाचायची संधी रुग्णालयात गेली, दोन्ही खरं असू शकतं. पण एका नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही, आणि दोन्ही अर्जांतली भाषा जुळायला हवी. शिवाजीनगर कोर्टातल्या तुमच्या वकिलांना ही तक्रार दाखल करण्याआधी वाचायला द्या. निकाल कधी, हे विचारू नका. कायद्यात तीन महिने लिहिलेत, मला ते वाचून आता हसूही येत नाही.

सीटीची सीडी घर बदलताना रद्दीत गेली, हे वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. २००२च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावे लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. आईंच्या सहीचा अर्ज लिहा: संपूर्ण केसपेपर, वेळांसकट नर्सिंग चार्ट, एक्स-रे, सीटीची नवी सीडी. सोमवारी सकाळी स्वतः जा. ‘ठेवून जा, फोन करतो’ म्हणतील. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मिळेपर्यंत त्या खिडकीपासून हलू नका.