शाळा धड न झालेली, हाताने काम करून पोट भरणारी बाई फ्रान्समध्ये कादंबरीकार झालीय का?

झालीय, मार्गरीत ओदू. माझी फार लाडकी लेखिका, म्हणून जरा मोठं उत्तर लिहितेय.

१८६३ चा जन्म, गाव सांकोआं. तीन वर्षांची असताना आई गेली, बाप दोन्ही मुलींना टाकून निघून गेला, मग बूर्ज शहरातल्या अनाथाश्रमात नऊ वर्षं आणि तिथून सोलोन्य भागातल्या एका शेतावर मेंढ्या राखायला. तिथे माळ्यावर एक जुनं पुस्तक सापडतं आणि ही पोरगी ते पुन्हापुन्हा वाचते, तो भाग 'मारी-क्लेर' या तिच्या पहिल्या, स्वतःच्याच आयुष्यावरच्या कादंबरीत आहे, मला तो कितीही वेळा वाचला तरी पुरत नाही. १८८१ ला पॅरिसला आली आणि शिवणकामावर जगली, त्यात डोळे अधू. लिहायची ते कामातून वेळ काढून. फ्रान्सिस जूर्दां नावाच्या चित्रकाराने तिचं हस्तलिखित ऑक्ताव्ह मिरबो या मोठ्या लेखकाकडे नेलं, तो इतका भारावला की प्रस्तावना त्यानेच लिहिली. १९१० ला पुस्तक आलं आणि फ्रान्समधल्या ज्या साहित्य पुरस्काराला आज फेमिना म्हणतात तो त्याच वर्षी मिळाला. तेव्हा ती ४७ वर्षांची होती!

पण मला विचाराल तर १९२० चं दुसरं पुस्तक जास्त महत्त्वाचं, ज्यात मारी-क्लेर पॅरिसच्या शिवणकारखान्यात काम करते. सीझनमध्ये ऑर्डरी आल्या की रात्र रात्र जागून शिवायचं आणि सीझन संपला की काम बंद, म्हणजे पैसेही बंद. माझी आई पीसवर शाळेचे युनिफॉर्म शिवायची, मे महिन्यात झोप नाही आणि जुलैपासून मशीनवर कापड झाकलेलं, त्यामुळे ते वाचताना मला घरातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं. गरिबीवर लिहिणारे खूप आहेत हो, पण ते बाहेरून बघतात आणि कामगार बाई म्हणजे त्यांना नुसती दया करायची वस्तू वाटते. ओदूच्या बायका भांडतात, हसतात, एकमेकींना सांभाळून घेतात, आणि कापड नीट बसलं की त्यांना खराखुरा आनंद होतो. वाक्यं अगदी छोटी, कुठे रडारड नाही.

१९३७ मध्ये ती गेली, त्याआधी आणखी काही पुस्तकं लिहिली. पहिल्या दोन्हींची इंग्रजी भाषांतरं आहेत. आधी 'मारी-क्लेर' च वाचा, कारण दुसऱ्यातली मुलगी कुठून आली ते त्यात कळतं.