जुना संगणक भंगारात टाकू का?

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकात ४ जीबी रॅम आहे. विंडोज १० ची मदत ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली, म्हणून दुकानदार नवाच घ्या म्हणतो. मला मराठी लिहायचं, बिलं भरायची, नातवाशी बोलायचं. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली या संगणकाला झेपेल का?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, झेपेल. दुकानदाराला नको विचारू, तो विकायलाच बसलाय!

लिनक्सचा मिंट नावाचा प्रकार घ्या, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. ती हलकी आहे. मेनू विंडोज १० सारखा खाली डावीकडेच असतो, त्यामुळे हात अडखळत नाही. आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवून तिथूनच चालवून बघा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. कॅमेरा, आवाज, वायफाय आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तेव्हाच तपासा. माझ्या आईचा प्रिंटर मी नंतर तपासला आणि रविवार अख्खा त्यात गेला.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे कळांवरची मराठी अक्षरांची मांडणी, जोडा. के दाबलं की क, डी म्हणजे हलन्त. के, डी, मग शिफ्टसह स्वल्पविराम, की झाला क्ष. आईला पंधरा दिवस लागले, आता ती माझ्यापेक्षा भरभर लिहिते.

एक मात्र सांभाळा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या तुमच्या प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हं दाखवतील. त्या आधीच युनिकोडमध्ये, म्हणजे ठरावीक फॉन्टवर न अडणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. आणि फोटो वेगळ्या डिस्कवर कॉपी केल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका.